मॅक्लीनच्या नायकाला थंडी वाजायची तोवर

इंग्रजीतला थरारकथालेखक अ‍ॅलिस्टर मॅक्लीनचा विषय निघाला की वाचणारे फारसे भांडत नाहीत. सुरुवातीची पुस्तकं अफलातून, नंतर त्याने पाट्या टाकल्या, यावर पाच मिनिटांत एकमत होतं. वाद रंगतो तो रेघ कुठे मारायची यावर. कोणी १९६३ च्या ‘आइस स्टेशन झेब्रा’पाशी थांबतं. कोणी १९६७ च्या ‘व्हेअर ईगल्स डेअर’पर्यंत सूट देतं. बरेच जण १९७१ चं ‘बेअर आयलंड’ हे शेवटचं धरतात आणि त्यानंतर काही झालंच नाही असं समजून चालतात. झालं मात्र पुष्कळ. १९८६ च्या ‘सँटोरिनी’पर्यंत हा माणूस वर्षा-दोन वर्षांनी एक कादंबरी देत राहिला आणि ती खपत राहिली. आधीच्या पुस्तकाला नावं ठेवणारेच पुढचं घ्यायला पहिले हजर.

रेघ साधारण बरोबर जागी आहे, असं माझंही मत आहे. पटत नाही ते तिच्यासाठी दिलं जाणारं कारण. पैसा बोलायला लागला, दारूने खाल्ला, सिनेमावाल्यांनी बिघडवला, घाईत लिहायला लागला, ही चार उत्तरं ठरलेली आहेत. चारही ऐकायला बरी वाटतात. लेखकाच्या आयुष्याकडे बोट दाखवलं की त्याच्या पानांकडे बघायचे कष्ट वाचतात. मॅक्लीनचं काय बिघडलं ते पानांवरच लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी त्याच्या बायका किंवा बाटल्या मोजायची गरज नाही.

आधी एक आक्षेप मार्गी लावू. “तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांचे होतात म्हणून आवडलं, आता चाळिशी उलटली म्हणून आवडत नाही,” असं काही जण म्हणतात. इंग्लंडातल्या वाचकाच्या बाबतीत यात तथ्य असू शकेल. तिकडे पुस्तकं निघतील तशी लोकांनी वाचली. वाचक आणि लेखक बरोबरच म्हातारे झाले. आपल्याकडे मॅक्लीन तसा आलाच नाही. तो आला फोर्टातल्या फुटपाथवरच्या ढिगातून, स्टेशनाजवळच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून, कुणाच्या तरी मामाच्या कपाटातून, आणि पुढे मराठी अनुवादांतून. फोंटाना प्रकाशनाच्या त्या जीर्ण पेपरबॅकांमध्ये हाताला लागेल ते पहिलं. कुणी ‘फ्लडगेट’ आधी वाचलं आणि ‘गन्स ऑफ नॅव्हारन’ नंतर. कोणतं पुस्तक कोणत्या सालचं हे बघायला जातंय कोण? आणि तरीही, असं वाटेल तसं वाचून झाल्यावर आवडलेली आणि न आवडलेली पुस्तकं वेगळी काढली, तर बहुतेकांचे ढीग सालवारीप्रमाणेच पडतात. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण सगळा खेळ वाचकाच्या वयाचा असता तर हे असं झालं नसतं.

आता माणूस कोण होता ते थोडक्यात. मॅक्लीन मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १९२२, ग्लासगो. वडील धर्मोपदेशक. लहानपण इन्व्हर्नेसजवळच्या डेव्हियट गावात गेलं, घरात भाषा गेलिक. इंग्रजी त्याला शाळेत शिकावी लागली. वडील तो चौदा वर्षांचा असताना वारले. १९४१ मध्ये तो ब्रिटिश आरमारात भरती झाला आणि ‘रॉयलिस्ट’ नावाच्या क्रूझरवर टॉर्पेडोचं काम करू लागला. रशियाला रसद पोचवणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांना उत्तर ध्रुवसमुद्रात संरक्षण द्यायचं, हे त्या जहाजाचं एक काम. युद्ध संपल्यावर ग्लासगो विद्यापीठातून इंग्रजी घेऊन पदवी, मग रदरग्लेनच्या शाळेत मास्तरकी. १९५४ मध्ये ‘ग्लासगो हेरल्ड’च्या कथास्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं, शंभर पौंड. कॉलिन्स प्रकाशनातल्या इयन चॅपमनच्या बायकोने ती गोष्ट वाचली, ती हलली, आणि चॅपमन कादंबरी मागायला या मास्तरच्या दारात गेला. मास्तर आधी नाही म्हणाला. नंतर दहा आठवड्यांत ‘एच. एम. एस. युलिसिस’ लिहून दिली. १९५५ मध्ये ती निघाली आणि पहिल्या सहा महिन्यांत पुठ्ठाबांधणीतल्याच अडीच लाख प्रती गेल्या.

‘युलिसिस’मध्ये रॅल्स्टन नावाचा एक तरुण खलाशी आहे. काम टॉर्पेडोवर, म्हणजे खुद्द लेखकाचंच. घरची माणसं बॉम्बहल्ल्यात गेलेली. ताफ्यातलं एक तेलवाहू जहाज जखमी होऊन पेटलंय, आणि अंधार पडल्यावर त्याच्या उजेडात बाकीची सगळी जहाजं जर्मन पाणबुड्यांना आयती दिसणार आहेत. तेव्हा ते आपणच बुडवायचं, असा हुकूम सुटतो. टॉर्पेडो सोडायचा रॅल्स्टनने. तो घुटमळतो, अधिकारी त्याच्यावर खेकसतात. तो सोडतो. जहाज जातं. नंतर कळतं की त्या जहाजाचा कप्तान रॅल्स्टनचा बाप होता.

ही युक्ती नाटकी आहे, यात वादच नाही. कोणत्याही कार्यशाळेत मास्तरांनी तांबड्या शाईने खोडून टाकली असती. तरी ती लागते, कारण त्याआधीच्या शंभरेक पानांत मॅक्लीनने ‘युलिसिस’ या युद्धनौकेवरचं लोखंड, बर्फ, ओले कपडे आणि झोपेविना तारवटलेले डोळे एवढे अंगावर आणलेले असतात की हुकूम देणारा अधिकारीही आपल्याला खलनायक वाटत नाही. कप्तान व्हॅलरी क्षयाने खोकत रक्त टाकतोय. अ‍ॅडमिरलची बुद्धी ढळत चाललीय. खलाशांनी आधीच एकदा बंड केलंय. काय करायला हवं हे कुणालाच धड ठाऊक नाही. जे करायचं ते गोठलेल्या हातांनी करायचं आहे, एवढंच ठाऊक आहे. सगळ्यांत भरवशाचं पात्र तिथली थंडी आहे. ती कधी चुकत नाही आणि कुणाची गय करत नाही.

आता त्या चार ठरलेल्या उत्तरांकडे. घाई म्हणाल तर ज्या कादंबरीला सगळे डोक्यावर घेतात तीच दहा आठवड्यांत लिहिलेली. पुढेही तो पुस्तक झपाट्याने हातावेगळं करायचा आणि आपण कादंबरीकार नाही, गोष्ट सांगणारा माणूस आहोत, असं बिनदिक्कत सांगायचा. घाई पहिल्यापासून होती, तेव्हा तिच्याने नंतरचं काही उलगडत नाही. पैशाचंही तसंच. कर वाचवायला तो स्वित्झर्लंडला गेला १९५७ मध्ये, ज्या वर्षी ‘नॅव्हारन’ आलं. त्यानंतरच ‘नाइट विदाउट एंड’ आणि ‘फिअर इज द की’ लिहिल्या गेल्या. १९६३ मध्ये लिखाण बास म्हणून त्याने हॉटेलं विकत घेतली, त्यात कॉर्नवॉलमधली प्रसिद्ध जमैका इनसुद्धा. धंदा काही जमला नाही आणि स्वारी परत टेबलापाशी आली. पैशासाठी लिहायला परतलेल्या या माणसाचं परतल्यानंतरचं पहिलं पुस्तक कोणतं, तर १९६६ चं ‘व्हेन एट बेल्स टोल’. ते वाईट म्हणणारा मला अजून भेटायचाय.

दारूने त्याचं आयुष्य नासवलं, हे त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय आणि त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण दारूने वाक्यं ढिली होतील, प्रकरणं विस्कटतील. नायक सर्वज्ञ का होतो, हे दारूने कसं सांगणार? शेवटच्या पुस्तकांतला दोष ढिलेपणाचा नाहीच. उलट तिथे सगळं फार सुरळीत चालतं.

राहिला सिनेमा. या आरोपात मात्र दम आहे. १९६१ मध्ये ‘गन्स ऑफ नॅव्हारन’चा चित्रपट आला तेव्हा कादंबरीतल्या दोन ग्रीक पुरुषांच्या जागी दोन बायका आणल्या गेल्या. त्यातली एक मारिया. सिनेमावाल्यांनी असे बदल करायचेच. पण १९६८ मध्ये मॅक्लीनने ‘फोर्स टेन फ्रॉम नॅव्हारन’ लिहिलं आणि त्याची सुरुवात केली ‘नॅव्हारन’मधल्या अँड्रिया या ग्रीक लढवय्याच्या लग्नाने. नवरी कोण? मारिया. म्हणजे आपल्या कादंबरीत नसलेल्या बाईचं लग्न लेखकाने आपल्या पुढच्या कादंबरीत लावून दिलं. त्याने पुढचा भाग लिहिला तो सिनेमाचा, स्वतःच्या पुस्तकाचा नव्हे. मूळ पुस्तक मन लावून वाचलेल्या माणसाला पहिल्याच प्रकरणात वाटतं की लग्नाच्या पंगतीत आपण चुकीच्या मांडवात येऊन बसलोय. ही तक्रार रास्त आहे, आणि लेखकाने आपल्याच वाचकाला इतक्या सहज विसरावं याचा मला आजही राग येतो.

तरीसुद्धा सिनेमावर सगळं ढकलता येत नाही, कारण मध्येच ‘व्हेअर ईगल्स डेअर’ उभं आहे. निर्माता एलियट कॅस्टनरने मॅक्लीनकडून सरळ पटकथाच मागितली होती. कादंबरी त्यातूनच झाली. सिनेमाने लेखक बिघडत असता तर हे पुस्तक सगळ्यांत टाकाऊ निघायला हवं होतं. प्रत्यक्षात किल्ल्यातल्या त्या दिवाणखान्यात नायक मेजर स्मिथ एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा होत जातो तेव्हा वाचणाऱ्याची जी तारांबळ उडते, तशी मॅक्लीनने फार थोड्या ठिकाणी उडवलीय. कोण कुणाचा हेर आहे, हे चार पानं कळत नाही.

आणि माझ्या मते मुद्दा याच ‘कळत नाही’मध्ये आहे. चांगल्या मॅक्लीनमध्ये कुणीतरी अंधारात असतं: कधी नायक, कधी वाचक, बहुतेक वेळा दोघेही. वाईट मॅक्लीनमध्ये नायकाला पहिल्या पानापासून सगळं ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही तो लपवत नाही.

हे कसं घडलं ते निवेदनात बघता येतं. १९५९ ते १९७१ या काळातली त्याची बरीच चांगली पुस्तकं ‘मी’ने सांगितलेली आहेत: ‘नाइट विदाउट एंड’, ‘फिअर इज द की’, ‘द गोल्डन राँदेव्हू’, ‘आइस स्टेशन झेब्रा’, ‘व्हेन एट बेल्स टोल’, ‘पपेट ऑन अ चेन’, ‘बेअर आयलंड’. ‘बेअर आयलंड’नंतर हा ‘मी’ गेला तो परत आला नाही. लोकांची रेघ नेमकी तिथे येते, तो योगायोग नव्हे.

त्याचा ‘मी’ मोठा मजेशीर प्राणी होता. तो वाचकापासून बरंच काही चोरून ठेवायचा. ‘फिअर इज द की’ची सुरुवात घ्या: एक माणूस रेडिओवर एका विमानाशी बोलतोय, ते विमान पाडलं जातं, आणि प्रकरण तिथेच तुटतं. पुढचं प्रकरण थेट फ्लोरिडातल्या एका कोर्टात, आणि समोर दिसतो एक उद्धट गुन्हेगार. दोन्ही माणसं एकच, आणि त्या विमानात त्याची बायको नि मूल होतं. पण तो हे कितीतरी पानं बोलत नाही. त्याच वेळी हा ‘मी’ फसायचाही. ग्रीनलंडच्या बर्फावर कोसळलेल्या विमानातले प्रवासी सांभाळणारा डॉक्टर मेसन भलत्याच माणसांवर संशय घेतो आणि उशिरा शहाणा होतो. मार खाल्ला की त्याला दुखतं, आणि पुढच्या प्रकरणातही दुखत राहतं. स्वतःच्या मूर्खपणावर तो कोरडेपणाने बोलतो. मॅक्लीनचा सगळा विनोद हा असा, स्वतःवर उलटलेला, तोंडातल्या तोंडात पुटपुटलेला.

‘आइस स्टेशन झेब्रा’तला पाणबुडीचा प्रसंग जरा जवळून बघण्यासारखा आहे. ‘डॉल्फिन’ ही पाणबुडी ध्रुवीय बर्फाखाली आहे. टॉर्पेडोच्या नळीला दोन दारं: एक समुद्राकडचं, एक आतलं. बाहेरचं उघडं असताना आतलं उघडलं की संपलंच. म्हणून आतल्या दारावर तपासणीचं एक बारीकसं छिद्र असतं. त्यातून पाणी आलं तर नळी भरलेली आहे असं समजायचं. दिवे सांगतायत बाहेरचं दार बंद आहे. छिद्रातून पाणी येत नाही. तरुण अधिकारी शिरस्त्याप्रमाणे दार उघडतो आणि अख्खा समुद्र आत येतो. छिद्र कुणीतरी मुद्दाम बुजवलेलं असतं. पाणबुडी नाकावर खाली जाऊ लागते आणि पुढची काही पानं खोलीचे आकडे वाढत राहतात, बस्स. नायक डॉक्टर कार्पेंटर तिथेच उभा आहे आणि त्याला करण्यासारखं काहीही नाही.

हा प्रसंग हवेतून आलेला नाही. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी अशीच गेली. तपासणीचं छिद्र रंगाने बुजलेलं होतं, दार उघडलं गेलं, ९९ माणसं मेली. मॅक्लीनने ती दुर्घटना घेऊन तिच्यात एक खुनी बसवला. पण त्याची ताकद खुनी बसवण्यात नाही. छिद्र किती मोठं, दार कुठल्या बाजूला उघडतं, पाण्याचा दाब किती, हे आपल्याला आधी नीट समजावून मग ते आपल्याच अंगावर सोडण्यात आहे. टॉर्पेडोवर काम केलेल्या माणसाला ते दार हाताने माहीत होतं.

मग ‘मी’ नसलेली ‘युलिसिस’ आणि ‘नॅव्हारन’ कशी चालली, असं कुणी विचारेल. कारण तिथे न कळणं वाटून दिलेलं आहे. ‘नॅव्हारन’मधला अँडी स्टीव्हन्स हा पोरगेला गिर्यारोहक घ्या. त्याला शत्रूपेक्षा आपल्या भित्रेपणाची भीती वाटते, आणि ती लपवण्यात त्याची निम्मी ताकद जाते. पुढे पाय मोडून तो सगळ्यांच्या गळ्यात पडतो. मोहिमेचा प्रमुख मॅलरी याला प्रत्येक निर्णयात त्याचं काय करायचं हा प्रश्न टाळता येत नाही. हिरोगिरीच्या पुस्तकात भीतीला एवढी जागा देणारा लेखक पुढे १९७६ मध्ये ‘द गोल्डन गेट’ लिहितो तेव्हा काय होतं बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलावर अमेरिकेचा अध्यक्ष आणि तेलसंपन्न देशांचे दोन सत्ताधीश ओलीस धरले जातात. कल्पना झकास. ओलिसांच्या आणि पत्रकारांच्या गर्दीत एफबीआयचा एक माणूस आधीच हजर आहे, रेव्हसन. त्याला काय करायचं ते ठाऊक आहे, साहित्य मागवलं की पोचतं, बेत आखला की पार पडतो. खलनायकही हुशार, सभ्य आणि बोलका. पूल अडवणारे आणि पूल सोडवणारे एकमेकांना टोमणे मारतात, आणि दोघांचे टोमणे एकाच साच्यातले.

हा साचा कुठून आला? तो जुना ‘मी’च आहे. पूर्वी नायकाच्या डोक्यात चालणारी ती कोरडी, तिरकस बडबड आता प्रत्येकाच्या तोंडी घातली गेली. डोक्यात होती तेव्हा ती भीती झाकायची. तोंडात आल्यावर झाकायला काही उरलं नाही, नुसता शहाणपणा राहिला. ‘अथाबास्का’, ‘गुडबाय कॅलिफोर्निया’, ‘फ्लडगेट’ यांमधली पानंच्या पानं माणसं खुर्च्यांवर बसून, ग्लास हातात घेऊन एकमेकांना परिस्थिती समजावून सांगतात. ‘फ्लडगेट’मध्ये हॉलंडची धरणं फोडून देश बुडवायची धमकी आहे. समुद्राच्या पातळीखाली राहणाऱ्या माणसांची केवढी मोठी भीती! पण पुस्तकात कुणाची चड्डी ओली झाल्याचं आठवत नाही. बोलण्यावरच भागवलंय.

म्हणून ‘नंतर तो वाईट लिहायला लागला’ हे मला अर्धवट वाटतं. प्लॉट सुचणं शेवटपर्यंत थांबलं नाही. धरण, पूल, तेलाची पाइपलाइन, भूकंप, एकेक कल्पना ऐकूनच पुस्तक उचलावंसं वाटतं. आटलं ते त्या प्लॉटमध्ये अडकलेल्या माणसाचं अंग.

आणि आधीची पुस्तकं निर्दोष होती असंही नाही. मॅक्लीनभक्तांना हे ऐकायला आवडत नाही, पण बायका त्याला कधीच लिहिता आल्या नाहीत. सुंदर, शूर, आणि शेवटी नायकाच्या खांद्यावर डोकं टेकणाऱ्या. टोळीत एक फितूर असणारच, हे तिसऱ्या पुस्तकात कळतं आणि सहाव्यात तो कोण हेही. आधीच्या पुस्तकांत हे दोष खुपत नाहीत ते तिथे वाचकाचं लक्ष पाण्याकडे, बर्फाकडे, घड्याळाकडे असतं म्हणून. नंतर तेच दोष उघडे पडले. ‘गुडबाय कॅलिफोर्निया’तला मुसलमान खलनायक तर वर्तमानपत्रातल्या मथळ्यांवरून बेतलेला वाटतो; त्या पुस्तकाची बाजू घ्यायला मी तयार नाही.

सालावरून सरसकट निकाल देणाऱ्यांनी एक पुस्तक मात्र काढून बघावं: १९८४ चं ‘सॅन आन्द्रेआस’. साठी ओलांडलेला लेखक पुन्हा त्याच ध्रुवसमुद्रात गेला. जहाज या वेळी हॉस्पिटलचं, आणि केंद्रस्थानी कप्तान नाही, तर मॅककिनन हा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. कुणीतरी आतून घातपात करतंय, कोण ते त्याला माहीत नाही, जहाज तर चालू ठेवायचंय. या मुकादमाला रंग, दोर, झडपा, हवामान सगळं ठाऊक आहे, आणि आजूबाजूला काय शिजतंय तेवढं ठाऊक नाही. पुस्तकाचा निम्मा भाग चक्क पूर्वीसारखा चालतो. संवाद इथेही लांबतात, शेवट घाईत उरकलाय. पण उतरती कळा म्हणजे सरळ खाली जाणारा जिना, अशी समजूत असेल तर हे पुस्तक तिला छेद देतं. समुद्र परत आणला आणि नायकाकडून थोडी माहिती काढून घेतली की त्याचा हात १९८४ मध्येही चालत होता.

मग दर वेळी तसं का झालं नाही? इथे मी लेखकाकडून प्रकाशकाकडे आणि आपल्याकडे वळतो. मॅक्लीनला स्वतःलाच हा प्रश्न फार लवकर पडला होता. लोक माझी गोष्ट घेतात की माझं नाव? ते बघायला त्याने १९६१ आणि १९६२ मध्ये दोन कादंबऱ्या इयन स्टुअर्ट या नावाने काढल्या, ‘द डार्क क्रुसेडर’ आणि ‘द सेटन बग’. त्या चांगल्या खपल्या. निकाल लेखकाच्या बाजूने लागला: गोष्ट दमदार असेल तर नावावाचून अडत नाही. वाचक म्हणून आपल्यालाही तो अभिमानास्पद होता.

पुढे हाच प्रयोग उलटा झाला आणि त्यात आपण नापास झालो. मॅक्लीनने पडद्यासाठी काही कथासूत्रं लिहून ठेवली होती, संयुक्त राष्ट्रांच्या एका गुन्हेविरोधी पथकावरची. त्यावरून १९८० आणि १९८१ मध्ये दोन पुस्तकं निघाली. लिहिली जॉन डेनिसने, म्हणजे दुसऱ्याच दोन लेखकांनी मिळून घेतलेल्या टोपणनावाने. २ फेब्रुवारी १९८७ रोजी म्युनिकमध्ये मॅक्लीन गेला. त्यानंतर दोन वर्षांत त्याच सूत्रांवरून अ‍ॅलस्टेअर मॅक्नील नावाच्या लेखकाची पुस्तकं यायला लागली आणि १९९३ पर्यंत येत राहिली. नावांतलं साम्य बघा. लांबून बघणाऱ्याला तर फरकही कळू नये. मुखपृष्ठावर मृत लेखकाचं नाव ठळक, आणि प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचं त्याच्या सावलीत. पहिल्या प्रयोगात नाव काढून गोष्ट ठेवली होती. इथे गोष्ट जवळजवळ काढली आणि नाव ठेवलं. तरीही विकलं गेलं.

तेव्हा ‘नंतर तो नावावर खपला’ असं म्हणताना खपवून घेणारे कोण होते, हेही म्हटलं पाहिजे. दर वर्षी रतीब हवा असं प्रकाशकाला वाटतं, कारण रतीब लावलेलं गिऱ्हाईक दारात उभं असतं. हस्तलिखितावर ‘हा नायक पन्नास पानं तरी चुकू दे’ असं लिहून परत पाठवणारा संपादक त्या माणसाला मिळाला असता, तर ‘फ्लडगेट’ काय झालं असतं याचा विचार करून मला हळहळ वाटते. न खपणाऱ्या लेखकाला संपादक सापडतो. खपणाऱ्याला फक्त तारखा कळवल्या जातात.

हा धंदा आता मॅक्लीनपुरता राहिलेला नाही. थरारकथालेखक रॉबर्ट लडलम २००१ मध्ये गेला. त्याचा नायक बॉर्न २००४ पासून एरिक व्हॅन लस्टबेडर लिहू लागला. टॉम क्लॅन्सी २०१३ मध्ये गेला, त्याचा नायक जॅक रायन अजून नोकरीत आहे. ली चाइल्डने मात्र जिवंतपणीच, २०२० पासून, धाकट्या भावाला बरोबर घेतलं आणि मुखपृष्ठावर दोघांची नावं छापली. मला ही रीत अधिक स्वच्छ वाटते. पुस्तक आवडो न आवडो, आपण कुणाचं वाचतोय ते कळतं, आणि शिव्या द्यायच्या झाल्या तर पत्ता चुकत नाही.

मॅक्लीनच्या बाबतीत तो पत्ता चुकतो. रद्दीच्या दुकानात आणि जुन्या लायब्ऱ्यांत ही नंतरची, दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं सर्रास त्याच्याच गठ्ठ्यात बांधलेली असतात, आणि ‘मॅक्लीन शेवटी शेवटी भिकार लिहायचा’ या मताला त्यांचीही भर पडते. त्याच्या स्वतःच्या खात्यावर ‘गुडबाय कॅलिफोर्निया’ आणि ‘फ्लडगेट’ आहेतच. न लिहिलेल्या पुस्तकांचं ओझं वर कशाला? ज्याने लिहिलं त्याचं नाव मुखपृष्ठावर मोठं, ज्याच्या टिपणांवरून लिहिलं त्याचं खाली बारीक, एवढं प्रकाशकांनी केलं तरी खूप. आणि ते करेनात तोवर गठ्ठा सोडताना आपणच आतलं पान उघडून बघावं.